तळहाताच्या फोडासारखी जपलेली

मित्रांनो, साबणाच्या वडीएवढी, काळी, एका कोपऱ्यात चेपलेली अशी मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. सध्या दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर उघडी पडले आहे. मला फार बोलवत नाही, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

कारखान्यात माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या बसवल्या आणि मला बूटवाल्या काकांकडे आणले. काका साधे बूट करत नसत. एक पाय आखूड, एखादी टाच वाकडी, अशा माणसांसाठी ते बूट करत. प्रत्येक पायाचा नकाशा ते संगणकावर काढत आणि माझ्यात ठेवत. गिऱ्हाईक पुन्हा आले की म्हणत, "थांबा, आमच्या डबीला तुमचे पाय पाठ आहेत." मला केवढा अभिमान वाटायचा!

मग काकांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. काकूंनी नवा कारागीर ठेवला. तो माझ्यातले नकाशे पाहून काम करू लागला. मित्रांनो, पाय पुन्हा मोजता येतो. पण बूट कुठे दाबायचा, कुठे सैल सोडायचा, ही काकांची अक्कल आता फक्त माझ्यात उरली होती.

काकूंच्या पुतणीने दुकानाला क्लाउड बॅकअप लावून दिला. म्हणजे सगळ्याची एक नक्कल इंटरनेटवरून दूर कुठेतरी जाऊन राहते.

"ढगात ठेवतेस? अगं, गळून पडलं म्हणजे?" काकू म्हणाल्या.

"नाही पडत, काकू. दुकान बंद झालं की आपोआप चढतं सगळं. सकाळी हिरवी खूण दिसली की समजायचं, झालं काम."

खूण रोज दिसायची. काकू निर्धास्त झाल्या. तरी माझ्यावरची माया त्यांनी कमी केली नाही. दुकान बंद करताना त्या माझी वायर काढत, मला मऊ फडक्यात गुंडाळत आणि लोखंडी कपाटात कुलूपबंद करत. मी अंधारात पडून ओरडायची, काकू, मला जोडलेली राहू द्या! पण माझा आवाज कोणाला ऐकू जाणार?

एका संध्याकाळी त्याच फडक्यातून मी निसटले आणि फरशीवर आपटले. दुसऱ्या दिवशी मला जोडले, तर माझ्या पोटातून नुसती टकटक.

कारागिराची पाचावर धारण बसली. काकू मात्र शांत होत्या. "घाबरू नकोस. वर आहे ना सगळं!"

पुतणीने येऊन वरचे उघडले. संगणकावरचे दुकानाच्या पाटीचे चित्र होते, तिची जुनी गाणी होती. एकही पाय नव्हता.

"काकू, रात्री ही डबी जोडलेली असायची ना?"

"रात्री? रात्री मी तिला कपाटात ठेवायचे. चोरीबिरी झाली तर?"

"म्हणजे ती हिरवी खूण नुसत्या संगणकाची होती," पुतणी म्हणाली. काका खुर्चीतून बघत होते. त्यांना सगळे समजले होते आणि एक शब्द उमटत नव्हता.

तेवढ्यात दुडकी आली. आखूड पायाची ही चिमुरडी काकांच्याच बुटांवर पहिल्यांदा चालली होती. "काकू, माझे बूट चावतात. नवे कधी?" तिची टाच सोलवटली होती. काकूंनी तिला जवळ घेतले.

आता दुरुस्तीवाला म्हणतो, "बाई, एकदाच फिरवून बघता येईल. निघेल ते निघेल."

"आधी दुडकीचं काढा हो," काकू म्हणतात. "बाकीच्यांच्या मी पाया पडेन."

मित्रांनो, तुमच्या घरी, दुकानात माझी एखादी बहीण असेल. तिला फडक्यात गुंडाळू नका. ती धडधाकट आहे तोवर तिच्यातले सगळे दुसरीकडे उतरवा. आणि नुसत्या हिरव्या खुणेवर विसंबू नका. उतरलेले एकदा उघडून, डोळ्यांनी बघा. माझ्यावर माया कमी नव्हती हो, तेवढे बघायचे राहिले.

वायर जोडली. मी फिरते आहे. काकूंनी सोबत आणलेल्या काकांचा डावा हात टेबलाची कड घट्ट धरून आहे. कोणाचे कोणाचे पाय माझ्यात सापडत आहेत, दुसऱ्या डिस्कवर उतरत आहेत. दुडकीचा पाय चकतीच्या अगदी कडेला आहे, आणि मला खरचटले आहे तेही कडेलाच.