गलबत आणि जॉलीबोट

शेजारणींचे नवरे रविवारी मटण आणायचे, माझा नवरा ग्रंथालयात जायचा. एका शब्दासाठी! मोठ्या जहाजावरच्या छोट्या होडीला इंग्रज 'जॉलीबोट' म्हणतात. त्यातलं 'जॉली' म्हणजे आपलं गलबत, गोऱ्यांच्या तोंडी घासून गेलेलं, असं कुठल्याशा जाड कोशात यांना दिसलं. सासरे रत्नागिरीकडे गलबतावर तांडेल होते. झालं, यांनी ध्यासच घेतला. पोस्टातून निवृत्त झाले, डोळे अधू झाले, ध्यास काही सुटला नाही. मला त्या होडीचा वीट आला होता.

बरं, मूळ तरी ठाम सापडावं? दुसरा कोश म्हणे, शब्द डेन्मार्ककडच्या होडीचा. तिसरा म्हणे, नक्की माहीत नाही.

त्र्याण्णव साली आमच्या नवघरच्या मंडळानं शिवजयंतीला यांचं भाषण ठेवलं. सत्कारही होता, जन्मातला पहिला. मी पार जेसल पार्कपर्यंत सगळ्यांना सांगून आले.

"शब्द आपलाच, असं ठोकून द्या," मी म्हटलं. "तिथे कोण तपासायला बसलंय?"

"मी असेन ना," ते म्हणाले.

भाषण छान चाललं होतं. "काही विद्वानांच्या मते हा शब्द आपल्या गलबतावरून गेला," एवढं म्हणताच टाळ्या, शिट्ट्या, घोषणा. ते "पण" म्हणाले, तेवढ्यात मंडळाचा सेक्रेटरी नाथा धावत आला.

"काका, एक मिनिट हां. साहेबांना अजून दोन प्रोग्राम हायेत. सत्कार आत्ताच उरकून घेऊ."

शाल पडली, नारळ हातात आला, फोटो निघाला. मग पाहुणे साहेब बोलले, "आपल्या काकांनी हे सिद्ध करून दाखवलंय!" माईक काही यांच्याकडे परत आला नाही.

हे शाल पांघरून स्टेजच्या कडेला उभे. मी खाली या म्हणून खुणा केल्या तरी हलेनात. इतका थकलेला चेहरा मी सासऱ्यांच्या तेराव्यालाही पाहिला नव्हता.

खरं तर मला हवं ते सगळं झालं होतं. मी गप्प बसले असते तर जन्मभर मिरवता आलं असतं. पण मला बघवेना. साहेब गेल्यावर मीच तरातरा स्टेजवर चढले.

"नाथा, यांचं बोलणं अर्धं राहिलंय. माईक दे."

"काकी, आता ऑर्केस्ट्रा लागतोय..."

"थांबेल तो."

यांनी माईक दोन्ही हातांनी धरला. "शब्द आपलाच, हे सिद्ध झालेलं नाही. मला पुरावा मिळाला नाही. माझे वडील गलबतावर होते, म्हणून मला ते खरं व्हायला हवं होतं. फार हवं होतं."

कुणी टाळी वाजवली नाही. यांनी शालीची घडी केली आणि नाथापुढे धरली.

"राहू द्या हो काका," नाथा म्हणाला, पण हात पुढे केलाच.

आम्ही घरी आलो. जिन्यात ते टेकले. "संपलं गं," म्हणाले.

हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. आता मलाच रडू आवरेना.