अर्धी चपाती

मैना सासरी चौक गावाला आली की तिला जुलाब लागत. माहेरी कोंडाण्याला गेली की महिन्या-दीड महिन्यात थांबत. तीन वर्षांत हे सहा वेळा झालं. सहाव्या वेळी सासूने निरोप धाडला : पोरीला नांदायचं नाय, ढोंग करते. आता आली तर कायमची, नायतर येऊच नको.

सासू येसूबाईची हायवेलगत खाणावळ होती. १९७६ साली तिथे ट्रकवाल्यांसाठी रोज दीडदोनशे चपात्या होत. घरची माणसंही त्याच खात. आसपासच्या भातखाऊ गावांत रोजची चपाती म्हणजे मिरवायची गोष्ट. सुनेच्या अंगावर मांस चढावं म्हणून येसूबाई तिच्या चपातीला तूप जास्त लावी. मैना वाळत गेली, तसं तूप वाढत गेलं. गावच्या डॉक्टरने आतड्यात जंतू झालेत म्हणून तीनदा गोळ्या दिल्या. त्या ती चपाती खाऊन घेई. माहेरी मात्र तांदळाची भाकरी आणि भात.

या खेपेला भाऊ गजाने तिला परस्पर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याचा कण काढला, तपासला. डॉक्टर म्हणाले, मूळ दुखणं जंतूंचं नाही. आतड्याला आतून बारीक लव असते. गव्हातल्या चिकट अंशाने हिची लव झडते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, आतड्याचं कुंपण मोडतं आणि जे आत जाऊ नये तेही शिरतं. गहू जन्मभर बंद. तसं कागदावर लिहून दिलं.

कागद घेऊन दोघं चौकला आली. खाणावळीच्या बाकावर येसूबाई, मैनाचा नवरा हिरामण आणि लोधिवलीहून बोलावलेले चुलतसासरे नामाकाका बसले होते.

"तुमच्या चपातीनं हिचं आतडं झडलंय," गजा म्हणाला. त्याला नीट मांडता आलं नाही.

शेजारी जेवणाऱ्या ड्रायव्हरचा हात ताटातच थांबला. येसूबाईने ते पाहिलं.

"माज्या चपातीनं? रोज पन्नास मानूस जेवून जातंय. एक तरी मेला का रं?"

"तुमच्या म्हंजे गव्हाच्या. कुठल्याबी गव्हाच्या."

"सारा मुलूख गहू खातो आनि या राणीसरकारलाच तेवढा बाधतो. सरळ म्हन की सासूनं इख घातलं."

"आत्याबाई, मी तसं नाय म्हनत," मैना सासूला म्हणाली.

"मंग कसं म्हनतेस गं?"

नामाकाकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "विंग्रजी हाय. पोरीनं आमच्या म्होरं चपाती खावी. बाधली तर कागद खरा."

"डाक्टर नको म्हनलाय," गजा म्हणाला.

मैनाने हिरामणकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता. नाही म्हणावं तर सासू विष घालणारी ठरत होती, आणि मग या घराचं दार बंद.

"खाते," ती म्हणाली.

येसूबाईने चपाती आणली. मैनाने अर्धी खाल्ली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसले. तासभर गेला. ड्रायव्हर हात धुऊन, पानपट्टीवर थांबून निघूनही गेला. मैनाला काही झालं नाही.

"बघा," नामाकाका उठले. "पोरगी ठणठणीत हाय. नांदू दे आता नीट."

गजाने कागदाची घडी खिशात घातली. "दोनचार दिस थांबा तरी," तो म्हणाला. पण नामाकाका तोवर चपला घालत होते.

येसूबाईचे डोळे भरले होते. "उरलेली बी खा गं," ती म्हणाली. "तूप लावलंय."

मैनाने तीही खाल्ली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याचा डबा घेऊन तीनदा खाणावळीमागे गेली. तिसऱ्यांदा परतली तेव्हा भिंतीला धरून. हिरामणने पाहिलं आणि मान रस्त्याकडे वळवली. नामाकाका लोधिवलीला पोचले होते, गजा कोंडाण्याला, आणि कागद गजाच्या खिशात.

येसूबाई चुलीशी होती. "किती वाळलीस गं," ती म्हणाली. "बस." आणि तव्यावरची पहिली चपाती तिने मैनाच्या ताटात टाकली.