हलका दाणा

"यंत्र लावूच नका," म्हातारा ट्रॅक्टरच्या पुढ्यात येऊन म्हणाला. "यंदा मळण्यासारखं काही नाही. तुमचं डिझेल फुकट जाईल."

मळणीवालीने ट्रॅक्टर बंद केला आणि खळ्याकडे पाहिलं. रायच्या पेंढ्या रचलेल्या होत्या, उंचीला नेहमीसारख्याच. तिने एक कणीस ओढून तळव्यावर चोळलं, फुंकर मारली. दाण्यांची निम्मी घरं रिकामी होती आणि उरलेल्यांत सुईसारखे बारीक दाणे होते. पीक फुलोऱ्यात असताना एका रात्री बर्फासारखा वारा सुटला आणि त्यानंतर पाऊसच आला नाही, असं म्हाताऱ्याने सांगितलं. पेंढ्या कणसांसकट गुरांना घालायच्या असं गावाने ठरवलं होतं. निदान गुरं तरी जगतील.

राय हे गव्हाच्या नात्यातलं, पण फार काटक धान्य. या उंचीवर, खडकाळ मातीत आणि कडाक्याच्या थंडीत तेवढंच तग धरायचं. गावाने गहूही पेरून पाहिला होता. दोन हिवाळ्यांत त्याने हात टेकले. राय इथेच पिके आणि इथेच खाल्ली जाई. तिचं बी बाजारात मिळत नसे. घरचं बी गेलं की पीकच गेलं.

मळणीवाली नवी नवरी होऊन नवऱ्याबरोबर यंत्र घेऊन पहिल्यांदा वर आली होती, तेव्हा पोतंभर पेरलं की सहा पोती येत आणि यंत्र दोन-दोन दिवस खळ्यावरून हलत नसे. मग रान थकलं आणि उतारा चारावर आला. पुढे कुठलीशी योजना आली, तिच्याबरोबर खत आलं आणि काही वर्षं पुन्हा सहा पोती दिसली. योजना संपली, खताची गाडी यायची थांबली, आणि उतारा तीनावर, अडीचावर घसरत गेला. खाली सपाटीवर याच काळात गव्हाचा उतारा दुपटीने वाढला होता. यंत्रवाले एकेक करून सपाटीवरच थांबू लागले. वर येणारं हे एकच यंत्र उरलं. मळणीच्या धुळीने नवऱ्याची छाती गेली, आणि त्याच्यामागे ती यंत्र विकेल असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. भेटायला आलेले पाहुणे पांगले आणि तिने यंत्राचा पट्टा चढवला. जोडीला नणंद होती. संसार मोडून माहेरी परतलेली, तोंडाने फटकळ आणि हाताने चलाख.

"एक ढीग लावून बघू," मळणीवाली म्हणाली. "मग काय ते गुरांना घाला."

पहिला ढीग यंत्रात गेला. खालच्या टोपलीत जेमतेम तळ झाकण्याइतकं धान्य पडलं. म्हाताऱ्याने मान फिरवली. मळणीवाली यंत्राच्या मागे गेली आणि जिथून भुसा उडत होता तिथे तिने पदर धरला. पदरात भुशाबरोबर दाणे होते. दाणा इतका हलका झाला होता, की पंखा त्यालाही भुसाच समजत होता.

तिने यंत्र थांबवलं. पंख्याच्या झडपा जवळजवळ पूर्ण लावल्या, पुली बदलून ड्रमचा वेग उतरवला, तळाला सगळ्यांत बारीक भोकांची चाळणी बसवली. आता धान्य कचऱ्यासकट खाली पडणार आणि सगळं हाताने पाखडावं लागणार होतं. अर्ध्या दिवसाच्या कामाला तीन-चार दिवस लागले असते. तिने ते म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने गावातल्या घराघरांत निरोप धाडला, आणि बायाबापड्या सुपं घेऊन खळ्यावर आल्या.

दुसऱ्या दिवशी सपाटीवरच्या गहूवाल्या मालकाचा फोन आला. त्याचा गहू कापून पडला होता आणि त्याला थांबायला सवड नव्हती. नणंदेने फोन ठेवला आणि सूप बाजूला सारलं.

"वहिनी, तो दुसरं यंत्र बोलावतोय. त्याच्या एका शिवारात आपलं वर्ष निघतं. आणि इथे आपण चिमणीसारखे दाणे टिपत बसलोय."

"त्याला दहा यंत्रं मिळतील, वन्सं. इथे आपल्याशिवाय कोण चढून येतं?"

"म्हणजे आपण उपाशी राहिलो तरी चालेल?"

"राहणार नाही. घरी आहे त्यात भागवू."

नणंद बराच वेळ धुसफुसत होती. मग तिने पुन्हा सूप ओढलं आणि पाखडायला लागली. हे सूप तर माझ्यापेक्षा म्हातारं आहे, असंही वर ऐकवलं. शेजारची बाई हसली, तशी हीही हसली.

वाऱ्यावर पाखडताना जड दाणे जवळ पडत आणि हलके पुढे जात. त्यातून दोन राशी झाल्या. हलकी रास पोटासाठी होती. ती हिवाळाभर पुरणार नाही हे कुणी सांगायची गरज नव्हती. जड रास बियाण्याची. ती लहान होती, पण जेवढं बी पेरलं होतं तेवढं तिच्यात भरलं होतं, वर थोडं जास्तच. म्हाताऱ्याची सून माप घेऊन त्या राशीपाशी गेली. तिच्या घरी तीन लहान मुलं होती. तिने माप भरलं आणि ते तसंच हातात धरून उभी राहिली. खळ्यावर कुणी तिला टोकलं नाही. थोड्या वेळाने तिने ते राशीत परत ओतलं आणि हलक्या राशीकडे वळली.

शेवटच्या दिवशी यंत्राचा वाटा द्यायची वेळ आली. म्हाताऱ्याने भरीव दाण्याची पाटी पुढे केली. "हे घे पोरी. एवढे दिवस धूळ खाल्लीस."

वाटा नकोच म्हणावं असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. पण फुकट मळून दिलं तर पुढच्या वर्षी ही माणसं तिला बोलवायला लाजतील, हे ती ओळखून होती.

"बी कुणी खातं का, काका? हलक्यातलं द्या. पण माप पूर्ण द्या."

म्हाताऱ्याने माप शिगोशीग भरलं. वर आणखी एक मूठ टाकली.

वळणावर पोचल्यावर तिने ट्रॅक्टर उभा केला. सकाळीच निरोप आला होता, गहूवाल्याची मळणी उरकली होती. खाली जाणारा रस्ता इथून घराकडे उतरत होता आणि दुसरा अजून वर चढत होता. वर आणखी दोन गावं होती. त्यांच्याही फुलोऱ्यावरून तोच वारा गेला असणार, आणि त्यांच्याही पेंढ्या एव्हाना गोठ्याकडे निघाल्या असतील.

नणंदेने दोन्ही रस्ते पाहिले, मग वहिनीचा चेहरा. "चढ फार आहे," ती म्हणाली.

"हो."

नणंद खाली उतरली. चढावर ट्रॅक्टर मागे सरकला तर चाकाला लावायला तिने कडेचा एक मोठा दगड उचलला, कमरेशी धरला आणि ती यंत्राच्या मागून चालू लागली.