फळ्यावरचा मामा

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. उरणच्या बाजारपेठेतल्या मुली यावर फिदीफिदी हसायच्या. त्यांचं काय जातंय हसायला? त्यांचा मामा एस.टी.नं येणार. चुकलाच तर पनवेलला उतरणार, कुणाला तरी विचारणार आणि चहा पिऊन परत फिरणार. आमचा मामा दर्यावर. तिथे वाट विचारायची कुणाला, बोंबलांना?

आम्ही करंज्याचे कोळी. वडील मी पाळण्यात असतानाच गेले. तेव्हापासून आईचा धाकटा भाऊ हिरामण आमच्या घरी राहायला आला तो आलाच. त्याच्या होडीवर आमची चूल पेटायची. मला उरणच्या हायस्कुलात घालण्याचा हट्टही त्याचाच. आई म्हणायची, "शिकून का करायचं हाय? म्हावरा का विंग्रजीत इकनार?" मामा म्हणायचा, "इकंल की! साह्यबाला इकंल." असा आमचा मामा.

चीनच्या लढाईचं ते वर्ष. मी नववीत होते. आम्हाला इंग्रजी शिकवायला सुमित्राबाई होत्या, पुण्याच्या. नवरा मिठाच्या खात्यात, म्हणून त्या उरणला आलेल्या. त्यांचा भाऊ फौजेत होता, लढाई थांबली तरी त्याचा ठावठिकाणा कळला नव्हता. हे सगळ्या शाळेला माहीत होतं. बाई मात्र वर्गात ताठ उभ्या राहायच्या, आणि त्यांच्यापुढे भुताखेताचं, शकुनाचं कुणी नाव काढलं की त्याची धडगत नसायची.

त्या शनिवारी बाईंनी फळ्यावर एकाखाली एक पाच शब्द लिहिले. कॅरेक्टर, सेटिंग, कॉन्फ्लिक्ट, क्लायमॅक्स, एन्ड. कोण, कुठे, काय पेच, पेच कुठवर ताणला आणि शेवटी झालं काय. "या पाचांशिवाय गोष्ट उभी राहत नाही," बाई म्हणाल्या. "आणि पात्राला संकटात टाकल्याशिवाय तर नाहीच नाही."

इथवर ठीक होतं. पुस्तकातली गोष्ट वाचायची असते, सांगायची नसते, तेव्हा तिचा मामाला उपद्रव नाही, असा निकाल मी माझ्यापुरता केव्हाच लावला होता. पण बाई म्हणाल्या, "आज पुस्तकं मिटा. घरची गोष्ट सांगायची. मैना, ऊठ."

मामा गुरुवारी होडी घेऊन गेला होता, रविवारी पहाटे यायचा होता.

"मला गोष्ट येत नाही, बाई."

"गोष्ट नाही असं घर असतं का कुठे?"

मागून काशी ओरडली, "बाई, तिचा मामा वाट चुकंल!" सगळा वर्ग खिदळला. काशी वाण्याची. तिचा मामा दुकानाच्या गादीवरून उठत नव्हता, तो कशाला चुकतोय!

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "नववीतली मुलगी तू. लाज नाही वाटत?"

लाज नव्हती वाटत, भीती वाटत होती. पण लाज काढली की मला राग येतो, आणि रागात माझं डोकं फार चालतं. मी ठरवलं, गोष्ट सांगायचीच नाही, घडलेलं सांगायचं. घडलेलं म्हणजे काही गोष्ट नव्हे. गेल्या थंडीत मामा धुक्यात अडकला होता, ते मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला लागले. एक माणूस होता. तो होडीत होता. धुकं इतकं की त्याला आपला हात दिसेना.

"नाव काय त्याचं?" बाईंनी विचारलं.

"हिरामण." तोंडातून निघून गेलं.

बाईंनी खडू उचलला आणि कॅरेक्टरपुढे लिहिलं, हिरामण. सेटिंगपुढे लिहिलं, करंज्याचा समुद्र, धुकं. कॉन्फ्लिक्टपुढे, माणूस आणि दर्या. मी बोलत गेले आणि बाई लिहीत गेल्या. माझं घडलेलं माझ्या डोळ्यांदेखत गोष्ट होत होतं, आणि मला थांबता येईना. क्लायमॅक्सपुढे बाईंनी लिहिलं, खडकावर लाटा फुटल्याचा आवाज, होडी अगदी जवळ.

आणि टोल पडले. शाळा सुटली.

मुली दप्तरं घेऊन पळाल्या. एन्डपुढची जागा कोरी राहिली. मी टेबलाशी धावले. "बाई, शेवट सांगू द्या!"

"सोमवारी," बाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या होत्या. "ऐकणाऱ्याला टांगून ठेवता आलं पाहिजे. छान सांगतेस तू."

टांगून ऐकणारे राहिले नव्हते, माझा मामा राहिला होता. फळ्यावर, खडकाच्या तोंडाशी. आणि शिपायानं वर्गाला कुलूप घातलं.

घरी मी आईला काही बोलले नाही. जेवण जाईना, रात्री डोळा लागेना. पहाटे दार उघडलं तर समोरचं अंगण दिसत नव्हतं. धुकं. मी तशीच बंदराकडे धावले.

बंदरावर कोळणी जमल्या होत्या. आमच्याकडे होड्या धुक्यात सापडल्या की बायका धक्क्यावर उभ्या राहून पितळी पराती वाजवतात, आवाजाच्या रोखानं होड्या घरी येतात. एकेक होडी चाचपडत लागली. प्रत्येक होडी लागली की एकेक परात थांबायची आणि ती बाई आपल्या माणसाला घेऊन घरी जायची. शेवटी आईची एकटीची परात राहिली. आई लाटण्यानं वाजवत होती. तिच्या तळहाताची सालटं निघाली होती.

"हिरामन लांब गेला व्हता, घोल म्हावऱ्याच्या मागं," म्हातारा देवजी हळूच म्हणाला. "परातीचा आवाज नाय पोचायचा तितं. आन् आता सुकती लागंल. पानी उतरलं की खडक वर येतील."

खडक. बाईंनी खडूनं लिहिलेले खडक. मला पुढचं ऐकवलं नाही. मी उरणच्या रस्त्यानं पळत सुटले. एकच ध्यास होता, वर्ग उघडायचा आणि त्या कोऱ्या जागेवर शेवट लिहायचा.

बाई घरी आपल्या लहानग्या मुलाला, शिवाला, दूधभात भरवत होत्या. मी दारातच रडायला लागले. "बाई, कुलूप काढा. मामा आला नाही. तुम्ही त्याला खडकापाशी ठेवलात. शेवट लिहू द्या मला, मी पाया पडते!"

मला वाटलं, आता बाई फाडून खातील. "मैना, फळ्यावर लिहून कुणी बुडत नाही," त्या म्हणाल्या खऱ्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. "गेल्या वर्षी काय झालं होतं शेवटी?"

"आईनं परात वाजवली. मामाला ऐकू गेली."

"आणि आज?"

"वाजवतेय. पोचत नाही तिथवर."

बाईंच्या मागे भिंतीवर फौजी टोपीतल्या भावाचा फोटो होता. मुलानं चमचा फोटोकडे दाखवून म्हटलं, "मामा." बाईंनी दूधभाताची वाटी खाली ठेवली, मुलाला शेजारणीकडे दिलं आणि चपला न घालताच निघाल्या.

वर्गाकडे त्या वळल्याच नाहीत. शाळेच्या व्हरांड्यात टोल द्यायची पितळी तबकडी टांगलेली होती, चांगली जाडजूड, लाकडी मोगरीचा एक टोल दिला तर अर्ध्या उरणला ऐकू जायचा. बाई स्टुलावर चढून ती काढायला लागल्या.

शिपाई नामा धावत आला. "बाई, हेडमास्तरान्ला इचारल्याबिगर..."

"सोमवारी मी उत्तर देईन. आधी हात लाव."

टांग्यातून आम्ही करंज्याला आलो. दोन वल्ह्यांना आडवं वल्हं बांधून देवजीनं तबकडी टांगली. बाईंनी मोगरी घेतली आणि टोल दिला. छातीत घुमला तो आवाज. आईनं परात खाली ठेवली आणि या अनवाणी पुणेकरणीकडे बघत राहिली.

टोल, आणि मग कान देऊन ऐकायचं. नुसतं पाणी. पुन्हा टोल. पाणी मागे सरकायला लागलं होतं. मी डोळे मिटून घेतले होते, उघडायची हिंमत नव्हती.

"मैना," बाई टोल देता देता म्हणाल्या, "शेवट सांग."

"इथे?"

"सांग म्हणते ना!"

मी धुक्याकडे तोंड केलं आणि भर धक्क्यावर, भरदिवसा, ओरडून सांगितलं. हिरामणला आवाज ऐकू आला. हिरामणनं होडी वळवली. हिरामण घरी आला. इंग्रजीत सांगितलं आणि दर्याला कळलं नसेल म्हणून पुन्हा आमच्या बोलीत सांगितलं. माझा घसा बसला, बाईंचे दंड थरथरायला लागले, तरी त्या थांबेनात.

मग धुक्यातून हाक आली. बारीक. पुन्हा आली. आईनं ती ओळखली आणि परात पुन्हा उचलून वाजवायला लागली.

होडी लागली तेव्हा मामा गारठून काळानिळा पडला होता. तबकडीकडे बघून म्हणाला, "मंग! शाला सुटली का काय?" आईनं त्याच्या पाठीत लाटणं घातलं आणि त्याच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली. मीही रडले. सगळं बंदर रडत आणि हसत होतं.

बाई बाजूला उभ्या होत्या, मोगरी अजून हातात. मी त्यांच्या पाया पडायला गेले तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. हात थंडगार होता.

"मैना, मी शिवाला त्याच्या मामाच्या गोष्टी सांगते. दुपारी, जेवताना." बाई धुक्याकडे बघत होत्या. "रोज सांगते. मग तो... तुमच्याकडे काय म्हणतात? त्याला सापडते ना वाट?"

एवढ्या शिकलेल्या बाई, आणि माझ्याइतक्याच घाबरलेल्या. मला खोटं बोलवेना आणि खरं मला ठाऊक नव्हतं.

"सापडते, बाई," मी म्हटलं. "पण हितून कुनीतरी वाजवत राह्यला पायजे."

सोमवारी बाईंनी फळ्यावर एन्डपुढे काही लिहिलं नाही. सगळा फळा पुसला आणि व्याकरण घेतलं. संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी त्या व्हरांड्यात, पुन्हा जागेवर टांगलेल्या तबकडीपाशी गेल्या आणि नामाच्या हातून मोगरी घेतली. आम्ही दप्तरं घेऊन फाटकाबाहेर पडलो, बाजारपेठ ओलांडली, करंज्याच्या रस्त्याला लागलो, तरी टोल पडतच होते.