एक जुलैची माणसं

रीताताईच्या मेलमध्ये तीनशे साठ माणसं राहायची, आणि त्यातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं.

लाखनीला हायवेलगत तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. फॉर्मवर मेलचा रकाना रिकामा सोडता येत नाही आणि गावखेड्यातल्या माणसापाशी मेल नसतो, म्हणून ताई आपलाच टाकायची. नऊ वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही. गेल्या महिन्यात या साऱ्या नावांची यादी कुठून तरी एका कर्जवाल्या कंपनीच्या हाती लागली आणि जाहिराती नावानिशी येऊ लागल्या. प्रिय सुखराम, तुमचं कर्ज मंजूर. प्रिय मालनबाई, तुमचंही. एकेक जाहिरात तीनशे साठदा. मेल गच्च भरला की बाकी टपाल आल्या वाटेनं परत.

तृप्तीचं हॉलतिकीट त्याच मेलवर यायचं होतं, आज संध्याकाळपर्यंत. नर्सभरतीची परीक्षा उद्या नागपूरला. वयात बसणारी तिची ही शेवटची. सकाळपासून ती पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसून होती.

दुपारची जेवणं झाल्यावर रीताताईनं कंपनीला फोन लावला. अर्धा तास होल्डवरची सतार ऐकली.

"नमस्कार, मी अनुप. काय मदत करू?"

"जाहिराती बंद करा भाऊ. मेल भरून जाऊन राहिला माझा."

"नक्कीच, मॅडम. कुणाच्या नावाच्या?"

"साऱ्यांच्या."

"एका वेळी एकच नाव बंद होतं. नाव आणि जन्मतारीख सांगा."

फॉर्म भरून भरून तिला सगळं तोंडपाठ होतं. "सुखराम. एक जुलै एकोणसत्तर."

"सुखरामजींना फोन द्याल?"

"वारले ते. दोन वर्षं झाली."

"वाईट वाटलं, मॅडम. मृत्यूचा दाखला मेल करा."

"मेलच तर भरला न."

"मग पुढचं नाव घेऊ."

"मालनबाई. एक जुलै बाहत्तर."

"पुढचं?"

"तुलाराम. एक जुलै चौऱ्याहत्तर."

पलीकडची टकटक थांबली. "सगळ्यांची एक जुलैच कशी, मॅडम?"

"शाळेत नाव घालताना गुरुजीच तारीख टाकत. गुरुजी एकच होते, त्यांले तारीखही एकच येत होती."

तृप्ती हसली. दिवसभरातलं तेवढंच.

अनुप हसला नाही. "सिस्टीम अशी नावं बनावट धरते. आपली तक्रार संशयास्पद म्हणून बंद झाली आहे. आणखी काही मदत?"

"नाही," रीताताई म्हणाली. राग यायला हवा होता, पण आला नाही. ती हातानं जाहिराती पुसू लागली. एक पान पुसावं, तेवढ्यात दोन पानं यावीत.

पाच वाजता तिनं परीक्षेच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या बाईनं पाहून सांगितलं, तिकीट तीन वाजून सात मिनिटांनी पाठवलं होतं. मेल भरलेला म्हणून परत आलं. दुसऱ्यांदा पाठवायची सोय नाही.

रीताताईनं तृप्तीला जसंच्या तसं सांगितलं.

"तीन-सातले कोणाच्या नावापाशी होतो आपण?" तृप्तीनं विचारलं.

"तुलारामपाशी."

"हं." तिनं पिशवीची चेन ओढली. "मालनबाईच्या टोळीत बाया कमी आहेत म्हणे. धानाच्या रोवण्याले जाईन उद्यापासून."

"गावाची बस किती वाजताची?"

"साडेपाचची."

"जा मग, बस भेटन."

तृप्ती गेली. रीताताई पुढचं पान पुसू लागली.