रेणुकेचं म्हणणं

आश्विनातलं ऊन कापसाच्या बोंडांवर उतरलं, की मला रेणुकेचं उभं राहणं आठवतं. धाकटा भाऊ सदैव कडेवर असल्यानं ती डावीकडे कलून उभी राही. तो खाली खेळत असला, तरी तिचा हात सवयीनं त्याला सावरायला जाई. आवाज मात्र खणखणीत. प्रार्थनेची पहिली ओळ तिनं उचलली, की रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीची घरघरसुद्धा मागं पडे.

वाटूरजवळच्या शाळेत मी शिकवते. दसरा सरला, की निम्मा वर्ग आईबापांसोबत ट्रकात बसून ऊसतोडीला जातो. लेकरांना गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृह आहे, पण ते उघडतं कधी? ट्रक निघून गेल्यावर! अहो, लेकरं गेल्यावर दार उघडायचं, हा कुठला शहाणपणा? दरसाल सांगून माझ्या जिभेला फोड यायची वेळ आली.

अशात कळलं, की देशाचं बालधोरण नव्यानं लिहिलं जातंय आणि मुलांचं म्हणणं ऐकायला परतूरला साहेब येणार आहेत. ऊसतोडीवाल्यांचं एक लेकरू हवं होतं. मी रेणुकेचं नाव सुचवलं. भावाला झोके देता देता ती घोकत राहायची, "वसतिगृह दसऱ्याच्या आधी उघडा. मंग मी यंदा फडावर जाणार न्हाई." बापानंही कबूल केलं होतं, वसतिगृह उघडलं तर पोरीला ठेवतो म्हणून.

सभेची तारीख आली ती दिवाळीनंतरची. मी फोनवर घसा फोडला, ऊसतोडीची पोरं तेव्हा इथं नसतात हो! पलीकडून शांत उत्तर आलं, "मॅडम, सगळ्यांना तीच सोयीची आहे."

ट्रक निघाला, तेव्हा रेणुका भांड्यांच्या गाठोड्यावर बसली होती, भाऊ मांडीत. "बाई, माझं तेवढं बराबर सांगा!" ती वरून ओरडली. मग धुरळ्यात काही दिसेना.

सभेत ऊसतोडीच्या लेकीचं मनोगत एका वकिलांच्या मुलीनं म्हटलं. पाठांतर चोख, हातवारे सुरेख. बिचारीचा काय दोष! टाळ्या थांबल्यावर मी उठले आणि रेणुकेचं वाक्य सांगू लागले. साहेबांनी हसून हात वर केला, "मॅडम, प्लीज. आज फक्त मुलांनीच बोलायचंय."

माझं डोकंच सणकलं. कोणती मुलं, हो?

आता वसतिगृह उघडलंय. ओसरीवर नव्या चटया अंथरल्यात, मार्गशीर्षाचं कोवळं ऊन त्यांच्यावर येऊन बसतं आणि कंटाळून निघून जातं. धोरणं पुढच्या सालीही दुरुस्त होतील. रेणुकेची सहावी मात्र फडात सरते आहे, आणि प्रार्थनेला मुलं अजून क्षणभर थांबतात, तिनं पहिली ओळ उचलावी म्हणून.