बोटाखालचा देश

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. माण तालुक्यातल्या झऱ्याच्या वाडीच्या शाळेत, मोडक्या घंटेच्या शेजारी माझा मुक्काम असतो. दक्षिण ध्रुवाजवळ माझा पत्रा गंजला आहे आणि कण्याला सायकलची तार बांधली आहे. तरीही मित्रांनो, जग आजही माझ्याच अंगावर आहे. ते उतरवून ठेवावे असे मला कधी वाटले नाही.

पुण्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिरांनी आधी माझ्यावर निळा समुद्र चढवला, मग देशांचे रंग भरले. तेव्हाच मी जगाची एक खोड हेरून ठेवली. मोठे देश माझ्या अंगावर पाय पसरून बसले होते आणि त्यांची नावे त्यांच्याच जमिनीवर ऐसपैस लिहिलेली होती. लहान देशांना मात्र स्वतःचे नाव लिहायलासुद्धा जागा पुरेना. त्यांची नावे बिचारी समुद्रात पोहत होती.

पुढे मी या शाळेत आलो. जग बदलत गेले आणि इथल्या गुरुजींचे काम वाढले. कुठे साहेबाचे राज्य उठले की ते शाईने नवी हद्द आखत. बांगला देश झाला त्या आठवड्यात त्यांनी कागदाची चिठ्ठी लिहून खळीने माझ्या अंगावर डकवली. ओल्या खळीने मला गुदगुल्या झाल्या. एवढा सन्मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागले आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी भाजून खाऊ लागले. सगळ्या पंचक्रोशीत पाणी उरले ते एकाच ठिकाणी, झऱ्याच्या वाडीच्या बारवेत. तळाशी झरा होता. मनगटाएवढा, पण इमानी. उपसा बेताने केला तर आटत नव्हता.

वाडी म्हणजे मूठभर घरे. वरच्या अंगाला लालासाहेबांचे मोठे गाव, खालच्या अंगाला आप्पासोंचे त्याहून मोठे. दोघांचे हाडवैर होते. एकाने पूर्वेला तोंड केले की दुसरा पश्चिमेला करायचा, मग डोळ्यांवर ऊन आले तरी चालेल. एरवी वाडीची आठवण त्यांना मतांच्या दिवसांतच यायची. आता मात्र दोघांनाही वाडी म्हणजे सख्ख्या बहिणीचे घर वाटू लागली होती.

बारवेवर रीत होती ती अंबूबाईची. या म्हातारीने कधी शाळेचे तोंड पाहिले नव्हते आणि शाळेला तिचे तोंड फार ऐकावे लागत होते. तिची रीत सोपी होती. जो येईल त्याने आपली घागर रांगेत ठेवायची. पाणी घागरीच्या पाळीने मिळायचे, माणसाच्या पायरीने नाही. वरच्या गावाच्या बायका येत, खालच्या गावाच्याही येत. त्या एकमेकींशी बोलत नसत, पण घागरी मात्र शेजारी शेजारी बसत.

लालासाहेबांना हे पटेना. त्यांना बारवेवर इंजिन बसवून पाणी वर न्यायचे होते. ते सयाजी हवालदाराकडे गेले. सयाजी वाडीतला शहाणा माणूस, फौजेतून पेन्शनीत आलेला. शांतिसेनेची निळी टोपी घालून गाझाच्या वाळूत पहारा दिल्याचे तो पोरांना माझ्या अंगावर बोट ठेवून सांगायचा. लालासाहेबांनी त्याला चारचौघांत भरजरी फेटा बांधला. आमच्याकडे फेटा बांधून घेतला की माणूस बांधणाऱ्याचा झाला. सयाजीने हिशेब केला की एका थोरल्याला धरले म्हणजे दुसरा लांब राहील. दोन दिवसांनी आप्पासो आले, त्यांचेही इंजिन तयार होते. दुसऱ्याला दुखवायचे कसे, म्हणून सयाजीने त्यांचाही फेटा बांधून घेतला.

अंबूबाई घागर घासत होती. तिने मान वर न करताच विचारले, “सयाजी, डोकं येक आन् फेटं दोन. आता मुंडकं कुनाकडं वळवनार रं?”

सयाजीने डोक्यावरचा फेटा उतरवून हातात घेतला. फौजेत एका डोक्याला एकच टोपी मिळायची.

व्हायचे ते झालेच. बैलगाडीवर इंजिन घालून लालासाहेब वरून आले आणि आप्पासो खालून. दुष्काळात शाळेच्या पत्र्याखाली बसवत नव्हते, म्हणून गुरुजींचा वर्ग बारवेजवळच्या चिंचेखाली भरत होता. टेबलावर मी होतो. त्यामुळे मित्रांनो, हे सारे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ऐकीव सांगत नाही.

कोणाचेही इंजिन बसले तरी झरा महिन्यात आटणार आणि वाडीला बिऱ्हाड पाठीवर घ्यावे लागणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. सयाजी दोन्ही फेटे हातात घेऊन उभा होता. त्याने मला फिरवून इजिप्त दाखवला. कालवा त्यांच्या दारातला, बोटी साऱ्या जगाच्या, थोरले देश फौजा घेऊन चालून आले, तरी कालवा ज्याचा त्याच्याच हातात राहिला, असे तो सांगू लागला.

लालासाहेब हसले. त्यांनी मला गर्रकन फिरवले आणि अंगठीचे जाडजूड बोट माझ्यावर टेकवून थांबवले. “बोटाखाली कुठला देश गेला, त्ये तर दिसंनाबी,” ते म्हणाले. “असल्या देशाला कोन इचारतंय, हवालदार?”

आप्पासोही हसले. त्या दोघांचे एकमत झालेले मी तेवढेच पाहिले.

अंबूबाई पदर खोचत पुढे आली. “बोट उचला, मालक.”

लालासाहेबांनी उचलले. बोटाखाली नेपाळ होता.

“हाय का देस जाग्याला?”

“हाय की.”

“मग वाडीबी हाय.”

एवढे बोलून तिने सयाजीच्या हातातले दोन्ही फेटे काढून घेतले. पाणी खोल गेल्यामुळे बारवेचा दोर तोकडा पडत होता, हे साऱ्यांना ठाऊक होते. म्हातारीने एका फेट्याला दुसरा फेटा गाठला, पीळ घातला आणि ते दोन्ही दोराला जोडले. फेट्यांची जर उन्हात चमकली. घागर खाली गेली, बुडबुडली आणि भरून वर आली. ओली गाठ अशी करकचून बसली, की आता ती दातांनीही सुटली नसती.

“दोगांचाबी मान आमी घेतला,” अंबूबाई म्हणाली. “डोक्यावर न्हाई, दोराला. आता इंजान बसवायचं तर ह्याच जाग्याला बसनार, तवा आदी ह्यो दोर कापा. आपला फेटा आपल्या हातानं कोन कापतंय, त्ये तरी बगू.”

लालासाहेबांनी आप्पासोंकडे पाहिले आणि आप्पासोंनी लालासाहेबांकडे. दोर कापावा तर आपलीच इज्जत आपल्या हाताने कापायची. गाठ कशीबशी सोडवून नुसता आपला फेटा न्यावा, तर पाण्यावर दुसऱ्याचा एकट्याचा मान राहणार. आणि रांगेत घागरी घेऊन उभ्या होत्या त्या त्यांच्याच गावांच्या लेकीसुना. शेवटी दोन्ही गाड्या आल्या वाटेने परतल्या. थोड्या वेळाने त्या दोघांचे दोन गडी दोन घागरी घेऊन आले आणि त्यांनी त्या निमूटपणे रांगेच्या शेवटी ठेवल्या.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत झरा टिकला. जरीचा दोर झिजून गेला. सयाजीने नंतर कोणाचा फेटा बांधून घेतला नाही. तो कायम फौजेतली जुनी टोपी घालायचा.

आता शाळेत हलका, गुळगुळीत नवा गोल आला आहे. माझ्यावर धूळ बसते. बांगला देशाची चिठ्ठी पिवळी पडली आहे आणि लालासाहेबांच्या अंगठीने हिमालयात पाडलेला पोचा अजून तसाच आहे. त्याची मला लाज नाही. मित्रांनो, मला पुसून ठेवलेत तर बरे वाटेल. समुद्रात लिहिलेली नावे तेवढी जपून पुसा, त्यांची शाई कच्ची आहे. आणि कधी मला फिरवून थांबवलेत, तर पुढे जाण्याआधी बोट उचलून पाहा. तिथे कोणीतरी राहते. तुमचे बोट येण्याआधीही ते तिथेच होते.